चार अक्षरं कमी

व्हिसाच्या कागदावर चार अक्षरं जास्तीची लागतात म्हणे,
ती माझ्या कागदावर नव्हती.
होलीहेडच्या बोटीचं तिकीट गेलं,
किल्केनीतल्या खोलीचे आगाऊ पैसे बुडीत खाती,
आणि पुतण्या स्टॉकपोर्टहून फोनवर:
"आत्या, चेस्टर करून टाक, तेही जुनंच आहे."

करून टाक.
बादलीतलं धुणं करून टाकावं तसं.

तर मी, तासगाव ट्रेझरीतून निवृत्त हेडक्लार्क,
पायात पुतण्याच्या बायकोचे बूट, अर्धा नंबर मोठे,
नऊ पौंडांची पावती घडी करून पर्समध्ये,
घड्याळाच्या कमानीखाली उभी.
एक डच जोडपं, एक कंटाळलेला मुलगा, त्याची आई,
आणि निळ्या रेनकोटातली गाईड.
बिल्ल्यावरचं स्पेलिंग एक, उच्चार भलताच :
ग्रोन्या.

तट लाल दगडाचा, हात लावला तर बोटाला रवा लागतो.
ती सांगत होती कोणत्या राजाने काय बांधलं,
कोणत्या शतकात काय पडलं,
आणि मध्येच खोकत होती.
सनावळ्या मला पाठ होत नाहीत.
मी आपला आपल्याकडचा प्रश्न विचारला:
"तुमचं गाव कुठलं?"

ती थांबली.
डच बाईने छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.
"किल्केनी," म्हणाली.

मग पुढची फेरी दोन गावांची झाली.
बाकीच्यांना ती चेस्टर दाखवायची
आणि मागे वळून, हळूच, मला दुसरं काही.
ही दुमजली दुकानं आहेत ना, जिन्यावरची?
आमच्याकडे अशी नाहीत, आमच्याकडे बोळ.
एक तर इतका अरुंद की दोन बायका समोरासमोर आल्या
की एकीने मागे जायचं, आणि कोणी, यावरून भांडण.
त्यात पूर्वी लोणी विकायच्या.
लोणी-बोळ, मी मनात नाव ठेवून टाकलं.

इथला दगड लाल, आमचा काळा.
पावसात भिजला की फरशीतून पांढरे शिंपले वर येतात,
लहानपणी वाटायचं, समुद्र खाली अजून जिवंत आहे.
मी म्हटलं, आमचाही काळाच.
पण शिंपले नाहीत. फोडला तर आत कधी कधी गारगोटी, बस.
"गारगोटी"ला इंग्रजी शब्द सुचेना,
मूठ उघडून दाखवली, रिकामी,
तिला कळलं असावं, किंवा नसावं,
तिने मान हलवली.

पश्चिमेच्या दरवाजावर वारा नुसता अंगावर येत होता.
खाली घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, हिरवंगार,
मधोमध एका क्रॉसचं तुटकं खोड.
ती म्हणाली, हे बंदर होतं.
आयर्लंडची गलबतं इथे लागायची, कातडी घेऊन.
मग नदीने गाळ आणला, थोडा थोडा,
दरसाल, कोणाला न विचारता,
आणि पाणी निघून गेलं.
मुलाने विचारलं, घोडे बुडत नाहीत का?
त्याची आई हसली. ती नाही हसली.

"किती वर्षं झाली तिकडे जाऊन?"
"अकरा." मग लगेच: "इकडे घड्याळ बघा,
फेरी इथेच संपते, जिथे सुरू झाली."
तिच्याकडे सगळे कागद असणार,
तिला चार अक्षरांची गरज नाही,
तरी अकरा.

निघताना तिला शेंगदाण्याच्या चिक्कीचा पुडा दिला,
तिने तो तसाच रेनकोटाच्या खिशात कोंबला,
पुढचा गट येऊन उभा होता.

बसमध्ये खर्चाची वही काढली.
तारीख. भाडे, तीन पौंड साठ. चहा, दोन दहा.
मग लिहिलं: किल्केनी, नऊ पौंड,
आणि खोडलं,
कारण हिशेबात खोटं लिहायची सवय नाही मला.
चेस्टर, नऊ पौंड.
खोडलेल्या अक्षरांवर थेंब पडला, छत्रीचाच,
शाई पसरली, आणि
खालचं नाव जरा जास्तच काळं दिसायला लागलं.